मधलं तेल

आबांचा डावा गुडघा गेला तो क्लचपायी.
एकतीस वर्षं केळीच्या गाड्या, सावद्याहून निघायचं
आणि घाटाघाटात दर वळणाला एक दाब.
डॉक्टर म्हणाले, धुडकूभाऊ, आता गाडी सोडा.
आबांनी क्लच सोडला.

लिलावातून उचलला हा लष्करी ट्रक,
हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले,
पायाखाली दोनच पेडल.
पहिला आठवडाभर त्यांचा डावा पाय
सवयीनं हवेलाच दाबत होता.

पण ट्रकला थांबणं ठाऊक नव्हतं.
गिअरात टाकला की निघालाच आपला,
रेल्वे फाटकाशी ब्रेकवर धरला तर
इंजिन पाचशेवर घसरायचं, कण्हायचं,
आरशातला मागचा टेम्पो दोन-दोन दिसायचा,
किल्ल्यांचा जुडगा वाजत राहायचा एकसारखा.
आणि भरल्या मालानं चढावर
उचलच नाही.

धुळ्यात, पारोळा रोडला, सलामत मिस्तरींनी
गिअरबॉक्स खाली उतरवला, पोत्यावर ठेवला.
हात पुसत मला म्हणाले,
दोन पंखे धर समोरासमोर.
एकाला वीज दे, दुसरा
त्याच्या वाऱ्यावर फिरायला लागेल.
इथं वाऱ्याच्या जागी तेल आहे, एवढंच.
हे दोघं जन्मभर एकमेकांना शिवत नाहीत.
मधला हा तिसरा, तेल वळवून परत पाठवणारा,
जोर वाढतो तो याच्यामुळं.
तुझा पंखा सोळाशेला पकडतो.
मी बावीसशेचा बसवतो.

म्हणजे उशिरा?
उशिरा पकडेल बेटा, पण उचलून नेईल.

चाकांखाली दगड लावले.
एक पाय ब्रेकवर, दुसरा रेसवर,
पाच सेकंद, वर एकही नाही, तेल जळतं.
मोजायचं काम माझं.
एक. दोन. काटा चढत गेला,
तीन. बावीसशेवर अडकला,
अख्खा ट्रक मागच्या पायांवर दबून बसलेला
आणि इंचभर हलला नाही.
चार म्हणताना माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मग रेस सोडली. गाडी गिअरातच,
इंजिन साडेसातशेवर, सरळ.
जुडगा गप्प.
आबा खिडकीतून वाकून म्हणाले,
बंद पडली का वं?

लळिंगला चढावर रांग थांबलेली,
वाशीचा माल, वरून ताडपत्री.
रांग हलली. आबांनी पाय दिला.
इंजिन ओरडलं, गाडी जागेवर.
एक श्वास गेला. दुसरा.
मागच्यानं हॉर्न धरूनच ठेवला,
आबांच्या मानेवरची शीर मी पाहत होते.
आणि मग खालून
कुणी खांदा द्यावा तसा ट्रक उठला,
घड सगळे मागे कलले, दोर करकरले,
आबा हसले, ते कित्येक महिन्यांनी.

वही माझ्याकडे असते, म्हणून हेही लिहिते:
डिझेल लिटरला साडेतीन पडायचं, तीनवर आलं.
गावातल्या गर्दीत आवाज साठचा, वेग विसाचा.
चाळीसगाव फाट्यापर्यंत तेलाचा काटा लालला टेकला,
रस्त्याच्या कडेला तासभर बोनेट उघडं.
मिस्तरींना फोन लावला.
ते म्हणाले, हां, मोठा कूलर लागेल,
ते सांगायचं राहिलं.
भंगार बाजारातून आणला, सव्वीसशे रुपये.

आता रात्री मार्केट यार्ड रिकामं झालं
की मी शिकते.
वैशाखाची झळ अजून सिमेंटमधून वर येत असते.
गिअर टाकते, ब्रेकवरून पाय काढते,
ट्रक जरासा सरकतो, नाहीही सरकत,
मी काय ठरवते याची वाट बघतो.
पाय देते. आवाज आधी येतो.
त्या मधल्या वेळात पूर्वी मी घाबरून पाय काढायची.
आता धरून ठेवते.

शेजारी आबा बसतात, काही बोलत नाहीत.
मी वळण चुकवलं
की त्यांचा डावा पाय खाली जातो,
तिथल्या पत्र्याचा हिरवा रंग
एका टाचेएवढा उडालाय.