एकचा आकडा

एकतीस वर्षं पत्रं वाटली नोरीन क्विल्टीनं
क्लूनारा गावात, आयर्लंडच्या ओल्या बाजूला.
कुठलं फाटक जरा उचलून उघडावं लागतं,
कुठला कुत्रा नुसता भुंकतो,
कुणाकडे बोस्टनहून येणारं पाकीट
कुठल्या नाताळापासून यायचं थांबलं,
सगळं तोंडपाठ.

आता त्याच दारांवर ती, पिशवीशिवाय.
"काय आणलंस?" लोक सवयीनं विचारतात.
"मलाच आणलंय," म्हणते,
आणि बासष्टाव्या वर्षी कानापर्यंत लाल होते.

कारण पाणी.
सहा वर्षं गावाच्या नळाला पाटी आहे:
उकळल्याशिवाय पिऊ नये.
सहा वर्षं कौन्सिलात तोच विषय
उकळतो आणि निवतो.
कुणीतरी उभं राहायला हवं, ती दुकानात चिडून म्हणाली.
गल्ल्यावरची डर्वला म्हणाली,
"उभी तर आहेसच की तू. रांगेत."

अपक्ष.
आमच्या भाषेत पक्ष म्हणजे पंखसुद्धा,
हे मला इथे बसून सुचलेलं; तिला त्याचं काय.
तिच्याकडे भाच्याची शिडी होती,
एक पाय सुतळीनं बांधलेली,
आणि साठ फलक.
खांबांवर वरची जागा दोन्ही पक्षांनी घेतलेली,
तेव्हा तिचा चेहरा लागला
कुत्र्यांच्या उंचीवर.

मल्लकी डूलीनं चहा दिला, खरं तेच सांगितलं:
"तुला देईन, पण दोन नंबरचं.
एक नंबर आमच्या आजोबांनी
देऊन ठेवलाय."

मतमोजणी शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये.
कठड्याला छाती टेकून पक्षांची माणसं
पेन्सिलीनं रेघोट्या मारत होती.
तिच्याकडे कागद नव्हता. ती नुसती बघत होती.

मतपत्रिकेवर नाव नसतं, सही नसते.
पसंतीचे आकडे तेवढे. एक, दोन, तीन.
पण एकतीस वर्षं हिनं
याच गावाचं अक्षर वाचलेलं,
पावसात विरघळलेलंसुद्धा.

हा काठीसारखा वाकलेला एक: मल्लकी. बोलल्याप्रमाणे.
हा चौकटीबाहेर गेलेला: ब्रीज कॉफी,
पक्षाघातानंतर डाव्या हातानं,
आणि चक्क माझ्या नावापुढे!
हा घाईतला, डर्वलाचा.
आणि हा, पायाशी आडवी रेघ दिलेला,
जसा आईनं शिकवला होता
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दोघा भावंडांना एकदम.

तो दुसऱ्याच गठ्ठ्यावर पडला.
तिच्या नावापुढे दोन होता. नीट, गोल, वळणदार दोन.

मान वळवून ती
बास्केटबॉलच्या कड्याकडे बघत राहिली.
जाळी एका बाजूनं सुटली होती.

चौथ्या फेरीत बाद. दोनशे एकोणीस.
मग तिचेच कागद पुन्हा उलगडून
दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटले,
याला इतके, त्याला इतके, खणाखणांत,
आणि वाटप तिच्या ओळखीचं काम होतं;
हात शिवशिवले.
त्रेचाळीस उरले. त्यांवर फक्त एक,
पुढे कुणीच नको.
अधिकाऱ्यानं त्यांना जड शब्द वापरला.
टपालात आम्ही शिक्का मारायचो, तिला वाटलं:
पाठवणाऱ्याकडे परत.

सात दिवसांत फलक उतरवायचे, असा कायदा.
पाच मल्लकीनं मागून नेले, खुराड्याला.
बाकीच्यांसाठी भाऊ आला, फिन्टन,
मुलाची तीच शिडी घेऊन.
ती वर, तो खाली शिडी धरून.

"पहिलं तुलाच दिलं मी," तो पायरीला म्हणाला.
"माहीत आहे मला," ती म्हणाली,
आणि पक्कडीनं पट्टी कापली.
चेहरा खाली आला.
त्यानं तो झेलला, दोन्ही हातांनी,
शिडी क्षणभर डगमगली.

संध्याकाळी दोघांपुरतं पाणी ठेवलं तिनं.
पाटीवर लिहिलंय तितका वेळ उकळू दिलं.
मग अजून थोडा.