कसर

स्वीडनहून आलेला जुना माग
ऐन मे महिन्यात अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये उतरला,
पाइनच्या खोक्यातून.
फळीवर शिक्का होता: लाकूड भाजलेलं आहे,
आत जिवंत काही नाही.

खिळे उपसता उपसता
एका गाठीतल्या राळेत मला तो दिसला.
तांदळाच्या दाण्याएवढा पतंग.
शिक्का खरा होता.

यादगिरी मादास आमचे ग्राफवाले.
चाळीस वर्षं चौकटी भरल्या:
मोर, कमळ, कुणाच्या लग्नासाठी दोन नावं.
त्यांनी भिंग लावलं,
तेलुगूत स्वतःशीच काही पुटपुटले,
मग मला म्हणाले, ‘बघ बे, दशा.’
खरंच, पंखांच्या काठाला बारीक दशा होत्या,
आपल्या चादरीला असतात तशा.
राखाडीवर रुपेरी पट्टा, मग विटकरी, परत राखाडी,
एकही धागा चुकलेला नाही.

माग बसवायला आलेला उंच साहेब
ताक पिता पिता हातवारे करून सांगत होता:
आमच्याकडं दोन हिवाळे हा राळेच्या गोळीत झोपून काढतो.
आणि मग?
मग एक उन्हाळा.
‘त्यात खातो काय?’ यादगिरींनी विचारलं.
साहेबानं रिकामा तळहात दाखवला.
आमचा एवढा मोठा उन्हाळा
शेडच्या पत्र्यावर तडतडत होता,
आणि राळ मऊ होऊन
कुठल्यातरी ओल्या जंगलाचा वास सुटला होता.

बारा चौकटी रुंद, नऊ उंच.
तसला राखाडी गोदामात नव्हता,
काळ्यात पांढरा मिसळून भागवला.
चिलवेरी शेठ ग्राफवर वाकून बघत राहिले.
‘मादास, चादरीवर कसर विणायलाव काय?’
‘ही कापड खात नाही, शेठ.’
‘गिऱ्हाइकाला काय माहीत?’

ग्राफ खणात गेला.
पण त्या रात्री तिसऱ्या पाळीत
एका चादरीच्या एका कोपऱ्यात
नऊ ओळी वेगळ्या पडल्या.
कुणी पाडल्या, मी विचारलं नाही.
यादगिरींचे डोळे सकाळी लाल होते,
पण ते नेहमीच असतात.

रविवारी मी दुकानात बसतो.
इंडीहून आलेल्या एका बाईनं
चादर उजेडात धरली,
कोपऱ्यावर नख घासून पाहिलं.
‘इथं कसर राहिलीय.’
‘हो,’ म्हणालो,
पन्नास रुपये सोडले.
घडी घालताना तो कोपरा
आत गेला.