उजवीकडून

सव्वीस भाग झाले आणि मालिका थांबली.
शेवटच्या चित्रात बगळा भिंतीवर,
झिमाचा हात अर्धा वर,
मग काळा पडदा, मग दूध पावडरची जाहिरात.
तू रिमोट आपटलास. सहा वर्षांचा होतास.
"पुढे?" म्हणालास,
आणि शारजात, रोल्याच्या त्या एका खोलीत
एसीखालच्या बादलीत थेंब पडत राहिले.

पुढचं असं झालं, सुफियान,
की अब्बांची कंपनी बुडाली
आणि तुझा नि अम्मीचा व्हिसा रद्द करायचा अर्ज
माझ्याच टायपिंग सेंटरवर आला, माझ्याच टेबलावर.
मीच टाइप केलं तुझं नाव:
सीन, फा, या, अलिफ, नून.
एक अक्षर चुकलं असतं तर अर्ज परत आला असता.
चुकलं नाही.

परवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात,
त्या खोकणाऱ्या सुदानी म्हाताऱ्याकडे,
पाककृती आणि कामगार कायदा यांच्या मधोमध
झिमा दिसली.
चित्रकादंबरी. भिंतीनंतरची पहाट, भाग पहिला.
तो ढोल नाही, तिचा घोगरा आवाज नाही,
पंख जिथं थांबले तिथंच थांबलेले.
दोन चौकटींमध्ये बोटभर पांढरी पट्टी,
तिच्यात काय झालं ते आपण ठरवायचं.
बारा दिरहम म्हणत होता. दहा दिले.

रात्री बेडस्पेसमध्ये, वरच्या बंकवर,
खालच्या फिलिपिनो मुलीला जाग येऊ नये म्हणून
चादरीच्या तंबूत फोटो काढले.
साठ पानं दाभोळला धाडली.
अरबी तू विसरलास. "चित्रं पुरे," म्हणालास.

सकाळी तुझा व्हॉइस मेसेज,
मागे कोंबडा आणि फेरीबोटीचा भोंगा:
"आपा, मालिकेपेक्षा भारी आहे गं हे!
जळका मनोरा धुरातून उभा राहतो!
फुटका दिवा आपला आपण जुळतो,
सांडलेलं तेल चढून आत जातं!
आणि बगळा ना, पार समुद्रावरून येतो,
मोठा मोठा होत, आणि तिच्या हातावर बसतो!
फक्त पुढच्या पानावर परत कुठं जातो कळत नाही.
लपत असेल."

मी उठून बसले. डोकं छताला लागलं.
माझ्या पुस्तकात मनोरा कोसळतो.
दिवा फुटतो. बगळा तिच्या हातावरून उडतो,
चौकटीगणिक बारीक,
तांदळाएवढा, तिळाएवढा,
मग नुसतं निळं.

तू डावीकडून वाचलंस, बाबू.
प्रत्येक पान.

"अरे, उलटं" एवढं लिहिलं. पुसलं.
दिवसभर उजवीकडून लोक टाइप केले:
नूतनीकरण, रद्द, नवजात, रद्द.
दुपारी कोणी नसताना एक रद्दचा अर्ज
डावीकडून पाहून घेतला.
काही झालं नाही.
अक्षरं हट्टी असतात, चित्रांसारखी मागे फिरत नाहीत.

संध्याकाळी तुझा प्रश्न:
एकेचाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यात
एक भलंमोठं बोट आहे, नख खाल्लेलं.
राक्षसाचं का?
हो, म्हटलं. दुसऱ्या भागात येईल तो.
कधी?

म्हणून परत गेले दुकानात.
दुसरा भाग निघालाय की नाही
म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं.
आला तर ठेवतो, म्हणाला,
वही उघडली, पेन झटकलं, नाव विचारलं.
मी तुझं सांगितलं.
त्यानं खोकत खोकत लिहिलं, उजवीकडून,
आणि एक अक्षर चुकवलं.

मला दिसलं.
मी दुरुस्त केलं नाही.