ठेवणे

फत्तेगंजच्या चर्चमागे, सायकल स्टँडला लागून जी खोली आहे
तिथे गुरुवारी रात्री साडेआठला आम्ही नऊ जण बसतो,
लहान मुलांच्या बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन.
रफायलभाई मॅकवान शिकवतात.
आणंदच्या डेअरीत जन्मभर दुधातलं पाणी शोधलं त्यांनी,
आता आमच्यातलं शोधतात.

पहिल्या दिवशी म्हणाले, मिस्सा तुम्हाला पाठ आहे,
म्हणून तर इथे बोलावलंय.
खरं होतं. पंचेचाळीस वर्षं मी गुजरातीत उभा राहिलो,
गुजरातीत गुडघे टेकले, ‘हुं मानुं छुं’ म्हणालो
आणि पंख्याची पाती मोजली.

आई मात्र संगमनेरहून आणलेल्या मराठीत म्हणायची,
विश्वास ठेवते.
मानणं वेगळं. मानायला मान हलवली तरी भागतं.
ठेवायला काहीतरी हातात असावं लागतं.

हे मला आधीच कळायला हवं होतं.
एकतीस वर्षं कोर्टात, मुद्देमालाच्या खोलीत,
मी दुसरं केलं काय?
कोयता, एक.
साडी, डाग असलेली, एक.
बांगड्या, फुटक्या, मोजून सात.
लाख लावायची, चिठ्ठी बांधायची, रजिस्टरला सही.
निकाल लागला तर माल परत.
न लागला तर वाळवी आणि मी.

वर्गात आम्ही विश्वासांगीकार ओळीओळीनं उसवत होतो.
पंतय पिलात आला.
इस्मेनियानं विचारलं (ती रात्रपाळीची नर्स, डबा घेऊनच येते),
एवढ्या पवित्र ओळींत ह्या माणसाचं काय काम?
मी म्हणालो, साहेबाचं नाव नसेल
तर कागद कुठल्या सालचा, ते कसं कळणार?
सगळे हसले. रफायलभाईंनी वहीत लिहून घेतलं.

मग थावरिया कटारा. दाहोदकडचा,
दिवसभर निझामपुऱ्यात प्लास्टर करून आलेला, नखांत सिमेंट.
त्यानं हात वर केला, पूर्ण सरळ,
शाळेत करायचा राहून गेलेला.
शुक्रवारी मेला, रविवारी उठला.
थावरे शुं कर्युं?
आमच्यात शनिवारला थावर म्हणतात, तो म्हणाला,
मी त्या दिवशीचा, म्हणून हे नाव.
माझ्या वारी देवानं काय केलं?

रफायलभाईंनी चष्मा काढला, पुसला.
अधोलोकात उतरला, असं आपण म्हणतो.
पुढे आदामाबद्दल काही बोलले,
देवानं त्याला मनगट धरून उठवलं वगैरे.
मी ऐकत नव्हतो.

मला ती खोली दिसत होती.
तोंडावर धोंडा, धोंड्यावर मोहोर, बाहेर पहारा,
सगळं नियमाप्रमाणे.
देव, एक.
तागाच्या कापडात गुंडाळलेला.
ठेवला.
पावती कुणी मागितली नाही.

रविवारी सगळे मानुं छुं म्हणत होते,
मी ओठातल्या ओठात ठेवतो म्हणालो
आणि हात रिकामे निघाले.
अर्पणाची भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे गेला.
मला आठवली डभोईची बाई,
मुलीच्या बांगड्या मागायला अकरा वर्षं येत राहिली.
निकाल लागल्यावर, मी म्हणायचो, खिडकीतून, वर न बघता.
मग येईनाशी झाली.
माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. त्या सात
मी तिथे, भाकरीशेजारी, ठेवल्या.

रांगेत थावरिया माझ्या पुढे होता.
फादरांनी त्याच्या तळहातावर, त्या न निघणाऱ्या सिमेंटवर,
ठेवलं.
आमेन, तो म्हणाला,
अंगठा उठवावा तसा, जोर देऊन.

माझी पाळी आली. उजव्यावर डावा हात.
इतकी हलकी वस्तू
मी कधी ताब्यात घेतली नव्हती.