उभ्या रेषा

पहिल्या रविवारी खानविलकर सरांनी
कॅमेऱ्याला हातच लावू दिला नाही.
न्यायमंदिरासमोर, चहाच्या टपरीशेजारी
उभं केलं, म्हणाले, मोज.
काय मोजू?
सावल्या.
मोजल्या. आठ वाजता एकोणीस, दहाला सहा.
मग ऊन डोक्यावर यायला लागलं आणि इमारत
इस्त्री केल्यासारखी सपाट झाली.
आता घरी जा, म्हणाले.

दुसऱ्या रविवारी कॅमेरा वर उचलला
तर अख्खं न्यायमंदिर मागे रेललं,
अशील निघून गेल्यावर वकील
खुर्चीत रेलतो तसं.
वर बघू नकोस. मागे जा. अजून मागे.
रिक्षावाला हॉर्न मारतोय, मारू दे.
कॅमेरा सरळ धर,
खाली जो फुकटचा रस्ता येईल तो नंतर काप.
मी कापला नाही.
त्यात एक शेंगावाला होता, पुड्या वळत.

सोमवार ते शनिवार मी बँकेसाठी फोटो काढते,
गहाण घरांचे.
बाहेरून दोन, आतून चार,
विजेचा मीटर, दारावरची पाटी,
आणि एक कर्जदाराचा, दारात उभा,
म्हणजे घर आहे आणि माणूसही आहे
एवढं सिद्ध होतं.
चार वर्षांत तीन हजारांवर दारं झाली.
आठवतात फक्त मीटर.

आतलं शिकायला पावसाळा गेला, दिवाळी गेली.
खिडकी दिसली की खोली काळी,
खोली दिसली की खिडकी पांढरीफटक,
जणू बाहेर बडोदा नाहीच.
तीनदा काढ, सर म्हणाले,
एकदा खिडकीसाठी, एकदा खोलीसाठी,
एकदा दोघींच्या भांडणासाठी.
ट्यूबलाइट बंद. पंखा बंद.
टेबलावरची औषधं हलव, टेबल हलवू नकोस.
आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर,
डोळ्यांच्या नाही.
खोली बसलेल्या माणसासाठी असते.

गुरुवारी फत्तेपुऱ्यात कुंदा दळवींकडे गेले.
बडोद्यात चौथी पिढी,
म्हणून वहिनी नाही, कुंदाबेन.
तीन हप्ते थकलेले.
मी फोन काढला, फ्लॅश मारून मोकळी होणार
तेवढ्यात त्यांनी विचारलं,
बारी उघडू का? फोटो चांगला येईल.

तीन हजार घरांत
हे कुणी विचारलं नव्हतं.

खाली जाऊन स्कूटरवरून तिपाई आणली.
बारी उघडली, दिवे मालवले.
समोरच्या गच्चीवरच्या चादरींचा उजेड
हळूहळू फरशीवर येऊन बसला.
तिपाईवरचा पाण्याचा थेंब बरोबर मध्ये आणला
आणि बघते तर आतल्या दाराची चौकट
डावीकडे कललेली.
ती ह्यांनी बसवली, कुंदाबेन म्हणाल्या,
सुतार फसवून गेला तेव्हा. दोन रविवार लागले.
ह्यांचा फोटो कुठे दिसला नाही. मीही विचारलं नाही.

भिंत खरी धरू की चौकट?
सरांनी हे शिकवलेलं नव्हतं.
खिट्टी सैल केली,
चौकट ताठ उभी राहीपर्यंत कॅमेरा वळवला.
थेंब सरकून कडेला गेला.

मी उभी राहू ना, दारात? त्यांनी विचारलं.
मागे एक बाई आली होती, तिनं उभं केलं होतं.
ती मीच असेन, किंवा माझ्यासारखी.
बसा, म्हटलं.

बँकेला संध्याकाळी फ्लॅशवाले पाठवले,
नियमाप्रमाणे, मीटरसकट.

दुसरा फोटो सरांनी रविवारी पाहिला,
चष्मा कपाळावर सारून, बराच वेळ.
चौकट सरळ आहे, म्हणाले,
बाकी घर अर्धा अंश उजवीकडे.
हो, म्हटलं.
दोन मिनिटांत नीट होईल.
हो, म्हटलं,
आणि दोन चहा सांगितले.