दोन्ही टोकांना पिन

नया बाजारात नफीस मिस्त्रीनं विचारलं,
"भाभीजी, लोड कितना है?"
मी घरूनच लिहून नेला होता, गॅसच्या बिलामागे:
पंखे दोन, फ्रिज एक,
राउटर, ऋजुताच्या परीक्षेपुरता,
आणि अण्णांच्या गादीचा पंप. आठ वॅट.
आठ म्हणताना उगाच लाज वाटली,
एवढ्याशा आकड्यासाठी
एवढं लोखंड घ्यायला आले म्हणून.

पण ते आठ वॅट थांबले की हवेची गादी बसते,
गादी बसली की पाठ,
आणि पाठीचं पुढे काय होतं
ते मागच्या जूनभर मी रोज सकाळी
कापसानं पुसलंय.

नफीस म्हणाला, फ्रिज सुरू होताना तिप्पट ओढतो,
मग शहाण्यासारखा गप्प होतो.
(आमच्याकडे सगळेच तसे.)
दोन केव्हीए घ्या. डिझेलचं नको, गल्ली शिव्या घालेल.
लाल रंगाचं, पेट्रोलवरचं घेतलं,
टेम्पोत गुडघ्यांनी दाबून कंपूपर्यंत आणलं
बोकड आणावं तसं.

तार त्यानं फुकट दिली.
दोन्ही टोकांना पिन:
एक मशीनमध्ये, दुसरी भिंतीतल्या सॉकेटात, उलटी.
"पूरा घर चालू. स्विच-विच का झंझट ही नहीं."
दीड हजार वाचले.

त्याच रात्री पावणेबाराला लाइट गेली.
भिंती अजून दुपारच्याच होत्या.
हे मालनपूरला, रात्रपाळीवर.
मशीन मागच्या अंगणात, धूर आत नको
म्हणून खिडक्या लावल्या, चोक ओढला, दोरी ओढली,
अकरा वेळा काही नाही,
बाराव्यांदा सगळं अंगण थरथरलं.
मोबाइल दातांत धरून
दुसरी पिन हातात घेऊन मी आत आले.

सॉकेट अण्णांच्या उशाशी.
नऊ दिवस ते बोलले नव्हते.
उजेडात त्यांना तार दिसली,
आणि तळातून वर हाक मारावी तशा आवाजात म्हणाले,
"खांबावर माणूस असतो."

मला वाटलं, तापात बोलताहेत.

"आपली वीज उलटी बाहेर जाते.
डीपीतून वर चढते. अकरा हजार होते.
तो लाइन मेली समजून हात लावतो."
मग बराच वेळ नुसता श्वास.
मग, "रामसेवक. हजिऱ्याला.
चपला खालीच राहिल्या त्याच्या."

बत्तीस वर्षं लाइनमन होते. घरात कधी
एक शब्द नाही.

मशीन चालू होतं, म्हणजे माझ्या बोटांपासून
इंचभर अंतरावरच्या त्या पितळेच्या काड्या
तेव्हा जिवंत होत्या.
हे मला सकाळी, चहा गाळताना सुचलं,
आणि चहा ओट्यावर सांडला.

ती रात्र एका एक्स्टेन्शन बोर्डावर काढली,
पंप आणि एक पंखा, थेट मशीनवरून.
शनिवारी चेंजओव्हर बसवला:
एक दांडा, वर मंडळाची वीज, खाली आपली,
दोन्ही एकदम कधीच नाही.
नफीसनं पैसे मोजून घेतले, म्हणाला,
"आप पहली हैं. इस गली में सबके पास वही तार है."

काल पुन्हा गेली.
दांडा खाली केला, गादी हळूहळू भरू लागली.
गच्चीवर गेले तर कोपऱ्यावरच्या खांबावर
कुणीतरी चढत होतं, कपाळावर दिवा बांधून,
आणि भदौरियांच्या घरात
सगळ्या खोल्या झगझगीत.

"भदौरियाजी! तार निकालो! खंभे पे आदमी है!"

मशीन त्यांचं माझ्यापेक्षा मोठं.
ऐकू जाईना.

मी जिन्यात चपला चाचपडल्या,
एकच सापडली,
तशीच धावले.