गटनिहाय

सुखटणकर मॅडमना शुक्रवारी चारपर्यंत हवंय:
तिमाहीत कुठल्या गटाच्या किती तक्रारी.
साधं काम. म्हणजे त्यांना वाटतं साधं.

तिकिटावर फक्त नाव असतं.
माणूस कुठल्या गटातला, ते दुसऱ्या यादीला ठाऊक.
आणि या दोन याद्या एकाच सर्व्हरवर,
एकाच एसीच्या हवेत राहून
एकमेकींशी बोलत नाहीत, जावाजावांसारख्या.
मी मध्ये बसून निरोप पोचवतो.

महापे. सातवा मजला.
समोर पारसिकचा डोंगर, खाणीनं अर्धा खाल्लेला.

तक्रारी: अकराशे चौऱ्याऐंशी.
गटागटांची बेरीज: सोळाशे अकरा.
मॅडम म्हणाल्या, वरच्या कुठून आल्या?

वरच्या चारशे सत्तावीस टेंभवलकरसारख्यांच्या.
विनीत टेंभवलकर: लेखा विभाग,
आग विझवणारे स्वयंसेवक, बॅडमिंटन,
शिवाय ‘सर्व-ऐरोली’,
जिथून तो दोन वर्षांपूर्वीच उठून इकडे आला.
तो एकदा पासवर्ड विसरतो
आणि चार गट विसरभोळे ठरतात.

‘बॅडमिंटनवाल्यांच्या फारच आहेत हो,
त्यांना प्रशिक्षण देऊया.’
मी मान हलवली,
हो आणि नाही यांच्या मधोमध.

सगळ्यात मोठा आकडा कुणाचाच नाही.
गट: रिकामा.
त्यात फरीदा कोतवालच्या सतरा.
मार्चअखेर ती गेली, खातं बंद झालं,
गटांनी तिला त्याच संध्याकाळी वगळलं.
तक्रार जानेवारीची, पण गट विचारायचा आजचा.
‘खिडकीतून ऊन थेट स्क्रीनवर येतं,
दुपारी तीननंतर मला काही दिसत नाही.’
शेरा: निकाली. कारण: वापरकर्ता उपलब्ध नाही.

ऊन अजून येतं.
मी तिच्याच जागेवर बसून हे करतोय.

आणि अगदी तळाशी: स्वच्छता-महापे.
सदस्य बारा. तक्रारी शून्य.
मॅडमनी त्या चौकटीत हिरवा रंग भरला.
‘आदर्श गट,’ म्हणाल्या.
बाराजणींना लॉगिन आहे, हजेरीपुरतं.

शुक्रवारी सकाळी सहा. मी रात्रभर तिथंच.
चांगुणा मढवी बादली घेऊन आली.
मावशी, तुमच्या गटाची एकही तक्रार कशी नाही?
पोछा पिळता पिळता म्हणाली,
‘आमचा गट? तुजे खुर्चीखाली हाय.
दोनशे बाराचा तीन. भात लावायचो आमी.’
मी पाय वर घेतले.
तिनं तेवढी जागा पुसून घेतली,
कोपरे धरून, जरा जास्तच वेळ.

मग बादली उचलताना, हळूच:
चौथ्या मजल्यावरचा प्रिंटर
रात्री आपणहून कोरे कागद टाकतो, तीस-चाळीस.
नात तिसरीत आहे, गणितं करते त्यांच्यावर.
‘बरा करशील काय त्याला?’
तिच्या चेहऱ्यावरून कळेना
ही तक्रार आहे की भीती.
नाही, म्हटलं. त्याचं तिकीटच नाही.

चारला चार मिनिटं असताना अहवाल पाठवला.
खाली एक टीप: एक माणूस अनेक गटांत असू शकतो.
दुसरी टीप लिहिली होती,
जमीन-बिमीन असं काहीतरी. खोडली.
शून्य तसंच ठेवलं, हिरवं.

मग एक नवी तक्रार उघडली:
सातवा मजला, खिडकीला पडदा हवा.
‘कुणाच्या वतीनं’ या रकान्यात
फ, री, दा, इतकं टाईप केलं.
यादी थोडा वेळ गोल फिरत राहिली,
मग म्हणाली, असं कुणी सापडलं नाही.

डोळ्यांवर हात धरून
मी स्वतःचं नाव घातलं.
स्थिती: प्रतीक्षेत.